आधी कागद, मग जाहिरात : इस्टेट एजंटाने ऑनलाइन मार्केटिंग कोणत्या क्रमाने शिकावं

इस्टेट एजंटांसाठी ऑनलाइन मार्केटिंगचे जे वर्ग चालतात, त्यांतल्या बहुतेकांची पहिली तासिका एकाच ठिकाणी सुरू होते. अ‍ॅड्स मॅनेजर उघडा, बिल्डरने दिलेलं रेंडर चढवा, खाली फॉर्म जोडा, रोजचं बजेट टाका. दोन दिवसांत मोबाइलवर नावं आणि नंबर यायला लागतात, आणि फी वसूल झाल्यासारखं वाटतं. हे बटण दाबायला शिकणं निरुपयोगी आहे असं कोणी म्हणणार नाही. पण ते सगळ्यात शेवटी शिकायचं असतं आणि इथे ते सगळ्यात आधी शिकवलं जातं. महाराष्ट्रात आज घर विकण्याच्या धंद्यात नंबरांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो ज्याचं सांगणं तपासून घेता येईल अशा माणसाचा. म्हणून एजंटाच्या ऑनलाइन मार्केटिंगची सुरुवात कागदपत्रांपासून व्हावी, त्यानंतर फोटो-व्हिडिओ, मग फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपची शिस्त, आणि पैसे घालून करायची जाहिरात त्यानंतर. क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि नावही जातं.

हिशेबाने बघू. समजा, एका एजंटाने महिन्याला 20,000 रुपये जाहिरातीवर घातले आणि त्याला 100 लीड मिळाले. एका लीडला 200 रुपये पडले. आता त्या शंभरांतले निम्मे फोन उचलत नाहीत, काही जण 'चुकून फॉर्म भरला गेला' म्हणतात, काहींचं बजेट निम्मं असतं, आणि प्रत्यक्ष साइट व्हिजिटला येतात आठ. म्हणजे एका भेटीला 2,500 रुपये. वर्गात यावर उपाय सांगितला जातो तो लीड स्वस्त करण्याचा. बरं, लीड 200 वरून 150 रुपयांवर आला. त्याच पैशांत 133 लीड आले, आणि त्याच प्रमाणात भेटी झाल्या दहा-अकरा. याउलट लीड शंभरच राहिले, पण त्यांतले आठऐवजी सोळा जण आले, तर भेटीचा खर्च थेट 1,250 रुपयांवर येतो. हा दुसरा फरक जाहिरातीच्या सेटिंगमधून येत नाही. फॉर्म भरल्यावर ग्राहक तुमचं नाव शोधतो तेव्हा त्याला काय दिसतं आणि पहिल्या फोनवर तुम्ही काय सांगता, यातून तो येतो. एकाच प्रकल्पाचे डझनावारी चॅनेल पार्टनर तेच रेंडर आणि त्याच चार ओळी घेऊन जाहिरात करत असतील, तर त्याच ग्राहकाला एका संध्याकाळी पाच फोन येतात. सहावा फोन तुमचा असेल तर तो उचलायला त्याच्यापाशी कारण काय?

कायद्याची बाजू या धंद्यात मार्केटिंगपासून वेगळी काढताच येत नाही, पण शिकवताना मात्र ती हमखास वेगळी काढली जाते. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, 2023 मध्ये एजंटांसाठी 20 तासांचं प्रशिक्षण, परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्र आणलं. तिथे कायदा शिकवला जातो, आणि जाहिरातीच्या वर्गात बटणं. दोन्हींची गाठ कुठेच पडत नाही. 2016 च्या रेरा कायद्यात जाहिरातीची व्याख्या इतकी रुंद आहे की कुठल्याही माध्यमातली कुठल्याही स्वरूपाची प्रसिद्धी तीत बसते. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस, इन्स्टाग्रामवरचं रील, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला फोटो, यांतलं काहीच सुटत नाही. कलम 10 नुसार नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली विक्री एजंटाने घडवून आणायची नाही, सेवेबद्दल खोटी विधानं करायची नाहीत, आणि जी सेवा द्यायचीच नाही तिची जाहिरातही होऊ द्यायची नाही. उल्लंघनाला कलम 62 खाली दिवसाला 10,000 रुपये दंड आहे, आणि तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत चढू शकतो. त्यामुळे 'प्री-लॉन्च, फक्त निवडक ग्राहकांसाठी, नंबर यायचा आहे' असा मेसेज फॉरवर्ड करणारा एजंट मार्केटिंग करत नसतो, स्वतःविरुद्ध पुरावा तयार करत असतो. 1 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाबरोबर क्यूआर कोडही बंधनकारक आहे, आणि तो नसल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली गेली. हा कोड बहुतेक एजंट कोपऱ्यात, दिसेल न दिसेल असा लावतात. खरं तर सगळ्या जाहिरातीत ग्राहकाला स्वतः पडताळून पाहता येईल अशी तेवढी एकच गोष्ट असते. व्हिडिओत तोच कोड हातातल्या फोनवर उघडून दाखवा. प्रकल्प पूर्ण करण्याची मूळ तारीख कोणती होती, मुदतवाढ मिळाली का, किती फ्लॅट बुक झालेत, खटले दाखवलेत का, मंजूर नकाशा कोणता, हे महारेराच्या त्या पानावरच असतं. ग्राहकाला ते वाचायचा कंटाळा असतो. तुम्ही तीन मिनिटांत वाचून दाखवलंत तर तो तुमचा नंबर जपून ठेवतो.

आता यावर कोणी म्हणेल, रेराचा नंबर आहे म्हणजे झालं, आणखी काय तपासायचं? याचं उत्तर डोंबिवलीने दिलं आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या 65 इमारतींनी बांधकाम परवानगीची बनावट कागदपत्रं जोडून महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले, तेव्हा त्यांत कुटुंबं राहत होती, कर्जाचे हप्ते चालू होते. अशी घरं विकणाऱ्याकडे नंबर होता, आणि तो जाहिरातीतही टाकता आला असता. म्हणून प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, महापालिकेकडून किंवा संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून खरं आहे का हे पाहिल्याशिवाय प्रकल्प हातात न घेणं ही जाहिरातीच्याही आधीची पायरी झाली. रीसेलमध्ये तर ही जबाबदारी आणखी वाढते, कारण जुन्या सोसायटीतल्या एकट्या फ्लॅटसाठी रेराचं पान नसतंच. तिथे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय की नाही, मालकाच्या नावचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या करारांची साखळी, बँकेचा बोजा, हे सगळं एजंटानेच विचारायचं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर जुन्या दस्तांची सूची क्रमांक 2 शोधता येते, सातबारा आणि मिळकत पत्रिका महाभूलेखवर दिसते, आणि वार्षिक बाजारमूल्य दरही सर्वांसाठी खुले आहेत. प्रशिक्षणाचा पहिला आठवडा या संकेतस्थळांवर आणि महारेराच्या पानावर जायला हवा. हे कागद वाचता येणाऱ्या एजंटाला 'आज काय पोस्ट करू' हा प्रश्न वर्षभर पडत नाही.

कारण खरेदीदार शोधतो ते प्रश्न साधे असतात. 'वाकड टू-बीएचके' असं टाकलं की पहिल्या पानावर 99एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग अशी मोठी पोर्टलं येतात. त्यांच्याशी त्याच शब्दांवर झुंजणं एकट्या एजंटाला परवडणारं नाही. पण अमुक सोसायटीत पाणी महापालिकेचं की टँकरचं, दर महिन्याचा मेंटेनन्स किती, बँक त्या इमारतीवर कर्ज देते का, पार्किंग करारात लिहून मिळतं की तोंडी, शाळेच्या वेळेला मुख्य रस्त्यापर्यंत जायला खरा वेळ किती लागतो, हे पोर्टल सांगू शकत नाही. तुम्ही रोज त्या भागात फिरता, तुम्हाला ते माहीत असतं. एक भाग घ्या, त्यातल्या पंधरा-वीस सोसायट्या घ्या, प्रत्येकीवर एक पान आणि एक छोटा व्हिडिओ करा, आणि सगळं मराठीत करा. इंग्रजीत 'लक्झुरियस लिव्हिंग' लिहिणारे हजार आहेत. सूची क्रमांक 2 मधून त्या इमारतीत अलीकडे कोणत्या भावाने व्यवहार नोंदले गेले हे सांगायचं असेल तर भाव आणि महिना सांगा, घेणाऱ्या-देणाऱ्यांची नावं मात्र कधीही टाकू नका. दस्त शोधता येतो म्हणून तो पडद्यावर फिरवायचा नसतो.

मराठी ग्राहकाला हमखास थांबवणारा विषय म्हणजे 'एकूण पडणार किती'. जाहिरातीत 80 लाख लिहिलेलं असतं आणि बुकिंगच्या टेबलावर आकडा फुगतो. हाच आकडा आधी, उघडपणे सांगणारा व्हिडिओ करून बघा. पुणे महापालिका हद्दीत बांधकाम चालू असलेला 80 लाखांचा फ्लॅट असेल तर जीएसटी 5 टक्क्यांनी 4 लाख, मुद्रांक शुल्क स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभारासह 7 टक्क्यांनी 5 लाख 60 हजार, नोंदणी शुल्क कमाल मर्यादेनुसार 30 हजार. बेरीज 89 लाख 90 हजार. करार फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावे झाला तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत, म्हणजे 80 हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की ही सवलत जाते, आणि नेमकं हेच बहुतेकांना टेबलावर कळतं. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नसतो, त्यामुळे तयार आणि बांधकामाधीन घराची तुलना किमतीच्या पाटीवरून होऊच शकत नाही. शुल्क करारातल्या रकमेवर की बाजारमूल्यावर, तर दोन्हींतल्या जास्त असलेल्या रकमेवर. एवढं एका पानात मावतं. दर बदलला की पान त्याच दिवशी बदलायचं आणि वर तारीख टाकायची. कुठल्याही रेंडरपेक्षा हे पान अधिक दिवस काम करतं.

इथे सर्वांत जोरदार आक्षेप येतो. सगळं फुकटात सांगितलं तर ग्राहक थेट मालकाकडे किंवा बिल्डरकडे जाईल, मग ब्रोकरेज कोण देणार? भीती खोटी नाही. पण कशामुळे बायपास होतं ते बघा. ज्या एजंटाकडे फक्त पत्ता असतो, त्याचा पत्ता कळला की त्याची गरज संपते. ज्याच्याकडे कागद वाचण्याची, किंमत ठरवून देण्याची, बँक आणि सोसायटीकडून कामं काढून घेण्याची हातोटी असते, त्याची गरज पत्ता कळल्यानंतर सुरू होते. म्हणून सोसायटीचं नाव सांगा, फ्लॅट क्रमांक आणि मालकाचं नाव सांगू नका. मालकाकडून जाहिरातीची परवानगी आणि ब्रोकरेज लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर 'हो' आलं तरी ते जपून ठेवा. भेटीच्या आधी ग्राहकाला कोणता फ्लॅट, कधी, किती ब्रोकरेजवर दाखवतोय याचा मेसेज पाठवा. प्रकल्पात बिल्डरकडे ग्राहकाची नोंद आपल्या नावे भेटीच्या आधी करून घ्या. इतकं करूनही काही जण निसटतील. पण ते लपवाछपवीनेही निसटलेच असते.

दुसरा आक्षेप रीलवाल्यांचा. गाण्यावर नाचत दार उघडलं की लाखभर लोक बघतात, सीसी आणि ओसीवरचा व्हिडिओ दोनशे जण बघतात. खरं आहे. पण त्या लाखांतले किती जण तुमच्या उपनगरात, तुमच्या किमतीत, येत्या सहा महिन्यांत घर घेणार आहेत? दोनशेंतले दहा असू शकतात. रील करू नका असं नाही, त्यात माणूस दिसू द्या, आणि घर जसं आहे तसं दाखवा. व्हिडिओ इमारतीच्या गेटपासून सुरू करा, जिन्याची आणि लिफ्टची अवस्था दाखवा, दार उघडल्यावर एका दिशेने न थांबता सगळ्या खोल्या फिरा, खिडकीतून बाहेर काय दिसतं ते दाखवा. समोर नाला असेल तर नाला. वाइड लेन्सने दहा बाय दहाची खोली हॉलएवढी करून दाखवली तर ग्राहक भेटीला येतो आणि दारातूनच परततो, तुमचे 2,500 रुपये आणि एक दुपार घेऊन. मजकुरात कार्पेट एरिया चौरस फुटांत लिहा, मजला, इमारतीचं वय, मेंटेनन्स, पार्किंग लिहा. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' लिहायचं असेल तर चालत की रिक्षाने ते लिहा. एआयकडून मजकूर लिहून घेणारे आता खूप झालेत. भाषा सफाईदार येते, पण ते तुमच्या घराला जलतरण तलावही बहाल करतं. नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येते.

गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि उपनगरातल्या एजंटाला त्याइतकं फळ देणारं दुसरं काही क्वचितच असेल. ते ऑफिसच्या किंवा तुमच्या स्वतःच्या नावाने करा. विकाऊ फ्लॅटच्या नावाने प्रोफाइल करणं गूगलच्या नियमांत बसत नाही आणि ते काढलं जातं. व्यवहार पूर्ण झालेल्या ग्राहकाला चाव्या मिळाल्याच्या आठवड्यात अभिप्राय मागा, आणि 'काय अडचण आली होती, कशी सुटली' एवढं लिहायला सांगा. पाच तारे देऊन 'बेस्ट सर्व्हिस' लिहिलेल्या वीस अभिप्रायांपेक्षा पागडीच्या खोलीचं ट्रान्सफर कसं पार पडलं हे सांगणारा एक अभिप्राय जास्त बोलका असतो. विकत घेतलेले अभिप्राय ओळखू येतात. तिकडे जाऊच नका.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये लेबल, कॅटलॉग, ठरलेली उत्तरं अशी सोय आहे, ती अर्ध्या दिवसात शिकून होते. शिकायला वेळ लागतो तो न पाठवण्याच्या शिस्तीला. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो, आणि एका यादीत 256 जणच बसतात. एजंटांना हा नियम अडचणीचा वाटतो, पण आपल्याला खरोखर किती लोक ओळखतात हे मोजायचं याहून सोपं माप नाही. विकत घेतलेल्या नंबरांच्या यादीचा मोह इथेच होतो. ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार नोंदणी न करता व्यावसायिक फोन आणि मेसेज करणाऱ्याची जोडणी तोडली जाऊ शकते, आणि नको असलेल्या कॉलसाठी 1909 वर नोंदणी करताना रिअल इस्टेट हा स्वतंत्र प्रकार ग्राहकाला निवडता येतो. आपल्या धंद्याची ख्याती तिथे कशी आहे ते यावरून समजावं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पाया संमती हाच आहे. तेव्हा फॉर्मवर कशासाठी नंबर घेतोय ते लिहा, आणि तो नंबर दुसऱ्या एजंटाला, कर्जवाल्याला, इंटिरिअरवाल्याला न विचारता देऊ नका.

एवढं सगळं उभं राहिल्यावर पैसे घालून जाहिरात करायला अर्थ येतो, कारण आता जाहिरातीतून आलेल्या माणसाला पाठवायला तुमच्याकडे पान आहे, व्हिडिओ आहे, हिशेब आहे. फेसबुकच्या लीड फॉर्ममध्ये नाव-नंबर आपोआप भरले जातात, म्हणूनच चुकून भरणारे जास्त असतात. पाठवण्याआधी तपासून बघायला लावणारा फॉर्मचा प्रकार निवडा आणि दोन प्रश्न स्वतः टाका : घर कधीपर्यंत हवं आहे, आणि कर्ज मंजूर आहे का. लीड कमी येतील, वर्गातला शिक्षक नाराज होईल, होऊ द्या. जाहिरात थेट व्हॉट्सअ‍ॅपवर नेणारी असेल तर पहिलं उत्तर काय जाणार ते आधी लिहून ठेवा, आणि माणसाने अर्ध्या तासात बोलायचं हे ठरवा. त्यानंतर प्रत्येक लीडपुढे नोंद करा : कुठून आला, केव्हा बोललो, भेट झाली का, आणि नाही म्हणाला तर का. हा 'का'चा रकाना बहुतेकांच्या शीटमध्ये कोरा असतो, आणि पुढच्या महिन्याची जाहिरात सुधारायची माहिती तर त्याच रकान्यात असते. वीस नकारांपैकी बारा 'पार्किंग नाही' म्हणत असतील, तर ते जाहिरातीतच लिहून टाका. बारा फेऱ्या वाचतील.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी जाहिरात करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पक्की करावी. अनिवासी भारतीयांना शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही, आणि महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावर कूळकायद्याच्या कलम 63 चं बंधन आहे. तरीही दुबई आणि मस्कतमधल्या मराठी कुटुंबांना 'डोंगराच्या कुशीत फार्महाउस प्लॉट, सातबारा तुमच्या नावावर' अशा जाहिराती दाखवल्या जातात. ही लक्ष्य निवडण्यातली चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हे. जमीन अकृषिक आहे का, तुकड्याचा सातबारा स्वतंत्र होणार की सामायिक, हे ज्याला सांगता येत नाही त्याने तो प्लॉट विकायला घेऊ नये. याउलट पुण्या-ठाण्यातला तयार फ्लॅट त्यांना घेता येतो. तिथे मुखत्यारपत्र कुठे करायचं, पैसे कोणत्या खात्यातून यायचे, भाडेकरार कोण नोंदवणार, या तीन गोष्टींवरचे व्हिडिओ त्यांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी पोचले तर कुठल्याही सवलतीच्या पाटीपेक्षा जास्त चालतात.

वर्ग निवडताना 'महिन्याला किती लीड' हा प्रश्न विचारू नका. महारेराचं पान उघडून वाचायला शिकवता का, स्वतःच्या भागातल्या एका सोसायटीवर पूर्ण पान आमच्याकडून लिहून घेता का, जाहिरातीचा खर्च साइट व्हिजिटवर भागून दाखवता का, असं विचारा. फी किती हे त्यानंतर. आणि वर्ग कितीही चांगला असला तरी एक सवय स्वतःलाच लावून घ्यावी लागते. व्यवहाराचं टोकन झालं की त्याच संध्याकाळी तो फ्लॅट पोर्टलवरून, कॅटलॉगमधून आणि चालू जाहिरातीतून काढायचा. विकलेलं घर मुद्दाम ठेवून फोन ओढायचे आणि 'ते गेलं, पण दुसरं आहे' म्हणायचं, ही चाल जुनी आहे आणि ग्राहकाला पहिल्याच मिनिटात कळते. शिवाय जे द्यायचं नाही त्याची जाहिरात म्हणून कलम 10 च्या कक्षेत ती जाऊ शकते, ते वेगळंच.